हाकेच्या अंतरावरचा माणूस

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव हे रेणुकामातेचं गाव. नवरात्र लागलं की पंचक्रोशीतली माणसं इथं येतात. बायकांच्या हातात ओटीचं ताट असतं, लेकरांची नजर खेळण्यांच्या दुकानांवर असते. दर्शनाच्या वाटेवर ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. "कधी आलास?" "किती दिवस राहणार?" आणि चेहरा नीट ओळखू आला नाही तर हमखास येणारा प्रश्न, "कुणाचं रं तू?" बापाचं, आज्याचं नाव सांगितलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते आणि मग पुढचं बोलणं सुरू होतं.

अशा गावांत अंतर मोजायची जुनी मोजपट्टी आहे हाक. घर कुठं आहे म्हणून विचारलं तर सांगतात, "हे काय, हाकेच्या अंतरावर." शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारायची, रानातल्या गुराख्याला टेकाडावरून. हाकेचं उत्तरही ठरलेलं आहे, एका अक्षराचं. ओ. हाकेला ओ देणारा माणूस गावात आहे, असं समजायचं. मग तो भिंतीपलीकडे असो की झाडाच्या शेंड्यावर.

आता समजा, याच नवरात्रात देवळाजवळच्या एका कट्ट्यावर पंचविशीतला एक मुलगा येऊन बसला. शहरात नोकरीला असलेला, सणाला गावी आलेला. त्यानं पिशवीतून काळा डबा काढला, पट्टा डोक्यामागं ओढला आणि डोळे पूर्ण झाकून घेतले. थोड्या वेळानं तो मान वर करून काहीतरी बघू लागला. हवेत हात हलवू लागला. मधेच एकटाच हसला. शेजारून जाणारी म्हातारी थबकेल. "ह्याला काय झालं?" म्हणून सुनेला विचारील. एखादा चुलता हाक मारील, "आरं, ऐकू येतंय का?" आणि ओ येणार नाही.

त्या मुलानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. वाट अडवली नाही, मोठ्यानं गाणी लावली नाहीत. तरी बघणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी खटकेल. ते खटकणं अडाणीपणाचं आहे, हळूहळू निघून जाईल, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. त्या खटकण्यात शहाणपण आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर हे यंत्र आपल्यात कसं नांदवायचं याचा रस्ताही तिथूनच सापडतो.

०

या डब्याच्या आत काय चालतं ते आधी पाहू. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनांतून बघतात आणि मेंदू त्या दोन चित्रांचं एक खोल चित्र करतो. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ साली हे दाखवून दिलं. प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दिलं की सपाट कागदातून डोंगर, दरी उभी राहते. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी त्याला पुढची जोड दिली. मान वळली की चित्रही वळावं, अशी व्यवस्था त्यांनी केली. ते यंत्र इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. आजच्या व्हीआर (आभासी वास्तवाच्या) हेडसेटचं, म्हणजे त्या मुलाच्या डब्याचं, बीज त्यातच आहे. २०१२ साली ऑक्युलस नावाच्या छोट्या कंपनीनं लोकांकडून पैसे गोळा करून नवा हेडसेट बनवायला घेतला आणि २०१४ मध्ये फेसबुकनं ती कंपनी दोन अब्ज डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी गूगलनं पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं आणि खिशातला मोबाइल एवढ्यावर चालणारा 'कार्डबोर्ड' आणला. हे यंत्र फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहणार नाही, हे त्या पुठ्ठ्यानं सांगून ठेवलं.

डोळ्याला डबा लावून दुसरं जग बघणं मात्र आपल्याला नवं नाही. जत्रेत बायोस्कोपची पेटी घेऊन येणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते आठवेल. पेटीला गोल भोकं असत. पोरं गुडघ्यावर बसत, भोकाला डोळे भिडवत, दोन्ही बाजूंनी हाताचे पंजे लावून उजेड अडवत. आत चित्रं सरकत. बाहेर पेटीवाला गात असे. त्या पोरांचे डोळेही जत्रेपासून तुटलेले असत, अगदी आजच्या हेडसेटइतके. तरी कुणाला ते विचित्र वाटलं नाही.

का वाटलं नाही? डोळे आत असले तरी कान जत्रेतच होते. मागं थांबलेली पोरं सदरा ओढत, "सरक की आता" म्हणत. पेटीवाला राखणदारासारखा उभा असे. बघणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना आणखी बघणारे असत. पेटीतलं जग मिनिटाचं आहे आणि पोरगं लगेच परत येणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडं मायेचा खेळ दाखवणारं प्रत्येक यंत्र असंच घोळक्यात आलं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावानं जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर हलताना दिसत आणि सगळा प्रेक्षकवर्ग एकाच अंधारात बसून ती बघे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलत्-चित्रं दाखवली गेली. ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन सिनेमात लागला. पुढं तंबूतल्या सिनेमानं मराठवाड्यातल्या जत्रा गाजवल्या. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा टीव्ही असलेल्या घरात सारी गल्ली मावत होती. बघताना शेजारच्याला कोपरानं ढोसायचं, रडू आलं तर पदर डोळ्याला लावायचा, लहानग्याला मांडीवर घ्यायचं. बघणं आणि बसणं दोन्ही एकत्र होतं.

मोबाइलनं त्यातला एकत्रपणा कमी केला. तरी मोबाइल बघणारा माणूस मान वर करू शकतो, आणि शेजारी वाकून त्याच्या पडद्यावर डोकावू शकतो. हेडसेटमध्ये ही शेवटची फटही बुजते. तो काय बघतोय ते आपल्याला कळत नाही, आणि आपण त्याच्याकडं बघतोय ते त्याला कळत नाही.

०

माझ्या लहानपणी गॉगल ही मोठी गोष्ट होती. शहरातून आलेला एखादा भाचा गॉगल लावून ओसरीवर चढला की आजोबा म्हणत, "आधी डोळ्यावरचं काढ, मग बोल." पुढं मोबाइलच्या वायरी आल्या तेव्हा तेच वाक्य कानाला लागलं, "कानातलं काढ आधी." या वाक्यांत उन्हाच्या चष्म्याबद्दल किंवा गाण्यांबद्दल राग नव्हता. शेतात, रस्त्यावर, मोटारसायकलवर गॉगल चालत असे. हरकत होती ती समोरासमोर बोलताना.

मराठीनं डोळ्यांवर किती भार टाकला आहे ते बघा. आपण नजर देतो, नजर चुकवतो, डोळे वटारतो, डोळेझाक करतो. एखाद्याची नजर लागते, एखाद्याच्या नजरेत भरतो, कुणाच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत होत नाही. देवळातही आपण दर्शनाला जातो तेव्हा देवीला बघायला जातो आणि तिच्या दृष्टीस पडायलाही जातो. साडेतीन शक्तिपीठांतल्या माहूरच्या रेणुकेचा नुसता मुखवटा आहे, आणि तिथं जाऊन आलेल्या माणसाला तिचे डोळे विसरता येत नाहीत. ज्या समाजात देवाशी नातंही नजरेनं जुळतं, तिथं डोळे झाकून चारचौघांत बसणं ही साधी गोष्ट राहत नाही.

तोंड झाकण्याला मात्र आपण कधी फारसा आक्षेप घेतला नाही. पुण्यात दुचाकीवरच्या मुलींनी चेहऱ्याला ओढणी, स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली, आणि बघता बघता ती शहराची ओळख झाली. करोनाच्या काळात सगळ्यांनी मास्क लावला. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, महाराष्ट्रात त्याची सक्ती उठेपर्यंत आपण एकमेकांना डोळ्यांवरून ओळखायला शिकलो होतो. मास्कखालचं हसू डोळ्यांच्या कडांना दिसत असे. स्कार्फ आणि मास्क दोघांनी तोंड झाकलं, पण डोळे मोकळे ठेवले. हेडसेट बरोबर उलटं करतो. तोंड मोकळं आणि डोळे बंद.

आणि पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे? तेही आपल्यात आहेत. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देव-दानवांचे मुखवटे चढवून माणसं रात्रभर नाचतात. पण तिथं मुखवट्याआड कोण आहे ते गावाला ठाऊक असतं, आणि मुखवटा केव्हा उतरणार तेही. खेळ सगळ्यांचा असतो. झाकलेल्या चेहऱ्यामागचा माणूस आपल्यातलाच राहतो.

०

असं खटकणं जगातही अनेकांनी अनुभवलं आहे. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आला. त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या. चारचौघांत एकट्यानं गाणी ऐकत बसणं लोकांना उर्मटपणाचं वाटेल, अशी धास्ती कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना होती. शिवाय त्यावर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू होई आणि दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येई. यंत्रातच ओ देण्याची सोय करून ठेवली होती. पुढं लोकांनी वॉकमन एकट्यानंच वापरला हे खरं, पण बनवणाऱ्याला आधी शेजारच्याची आठवण झाली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गूगलनं २०१३ मध्ये काही निवडक लोकांना कॅमेरा असलेला 'ग्लास' चष्मा १५०० डॉलरला विकला. तो घालून बसलेला माणूस आपल्याला टिपतोय की नाही हे समोरच्याला कळेना. सिएटलमधल्या एका हॉटेलनं तर तो बाजारात येण्याआधीच आपल्या दारात बंद केला. जानेवारी २०१५ मध्ये गूगलनं त्याची विक्री थांबवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बार्सिलोनातल्या एका कार्यक्रमाचा फोटो जगभर फिरला. सभागृहात शेकडो माणसं हेडसेट लावून बसली आहेत आणि त्यांच्या मधून फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग हसत चालले आहेत. शेजारून कोण गेलं हे त्या माणसांना कळत नाही. ॲपलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ३४९९ डॉलरचा 'व्हिजन प्रो' हेडसेट विकायला काढला, तेव्हा त्याच्या दर्शनी बाजूवर एक पडदा बसवला. त्यावर आतल्या माणसाच्या डोळ्यांचं चित्र उमटतं. झाकलेले डोळे लोकांना खटकतात, हे जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीनं मान्य केलं होतं.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या काही संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणी हेडसेट लावलेला माणूस लोकांना कितपत चालतो, हे तपासलं. पलंगावर, मेट्रोत, आगगाडीत तो बऱ्यापैकी चालतो. कॅफेत किंवा बैठकीच्या खोलीत, जिथं माणसांनी एकमेकांशी बोलावं अशी अपेक्षा असते, तिथं कमी चालतो, असं त्यांना आढळलं. हे निरीक्षण आपल्याकडं जसंच्या तसं लागू पडतं. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसून कुणी हेडसेट लावला तर आपण त्याला झोपलेल्या प्रवाशासारखं समजू. पारावर, ओसरीवर, पंगतीत तोच माणूस परका वाटेल. ओसरी बोलायची जागा आहे. तिथं बसलेल्या माणसावर येणाऱ्याजाणाऱ्याचा हक्क असतो.

०

महाराष्ट्राच्या मातीतही हे यंत्र येऊन पोचलं आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबनं 'एल्सव्हीआर' या नावानं व्हीआर माहितीपट सुरू केले. त्यातला खुशबू रांका यांचा 'राइट टू प्रे' हा त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात प्रवेशासाठी स्त्रियांनी केलेल्या प्रयत्नाबद्दल आहे. हेडसेट लावला की बघणारा त्या गर्दीच्या, त्या वादाच्या मध्यभागी उभा राहतो. वर्तमानपत्रात वाचलेली बातमी चहूबाजूंनी अंगावर येते. डोळे झाकून घेतल्यावर दुसऱ्याचं दुःख अधिक स्पष्ट दिसावं, ही या यंत्राची मोठी ताकद आहे आणि तिचा मान राखायला हवा.

दुसरं उदाहरण खेड्यातलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा तालुक्यात वडधामना इथं जुलै २०२५ मध्ये देशातली पहिली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अंगणवाडी म्हणून एका अंगणवाडीचं उद्घाटन झालं. जिल्हा परिषदेच्या 'मिशन बाल भरारी' उपक्रमातल्या या अंगणवाडीत लेकरांसाठी व्हीआर हेडसेटही आहेत. खेड्यातल्या लेकरांना शहरातल्यासारखं मिळावं ही इच्छा रास्तच आहे. पण हेडसेट बनवणारी मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनी स्वतःच्या उपकरणासाठी वयाची अट घालते. २०२३ मध्ये ती तेरावरून दहावर आणली, त्याखाली नाही. अंगणवाडीतलं लेकरू तीन ते सहा वर्षांचं असतं. त्याचे डोळे, त्याचा तोल अजून घडतो आहे. म्हणून तिथं हेडसेट लावायचाच तर तो मिनिटाभराचा असावा, बाईंचा हात खांद्यावर असावा आणि बाकीची लेकरं भोवती असावीत. बायोस्कोपच्या पेटीसारखं. काढल्यावर "काय दिसलं?" असं विचारणारं कुणी समोर हवं. त्या प्रश्नाशिवाय ते बघणं अपुरं राहील.

०

यंत्र कुठं चालावं आणि कुठं नाही, हे ठरवायला आपली गावं कमी पडत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये एक नियम केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलायला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव केला.

या दोन निर्णयांत फरक आहे. बांशीनं वयावरून बंदी घातली. त्यामागची काळजी मला कळते, पण बंदीचा काच आधी मुलींना बसतो, हे आपल्याकडच्या घरांचं वास्तव आहे. वडगावनं वेळ ठरवली आणि ती लहानथोर सगळ्यांना सारखी लावली. बापाचा मोबाइलही सातला बंद. माझ्या मते वडगावचा भोंगा म्हणजे सगळ्या गावानं मिळून मारलेली एक हाक आहे, आणि रोज दीड तास सगळं गाव तिला ओ देतं.

बाईच्या बाजूनं हा प्रश्न आणखी अवघड आहे. ओसरीवर मुलानं गॉगल लावला तर आजोबा रागावत. सुनेनं लावला असता तर अख्ख्या गल्लीत चर्चा झाली असती. चारचौघांत बाईनं कानात काय घातलं, डोळ्यावर काय लावलं, यावर नजर ठेवणारे पुष्कळ. आणि तिनं हेडसेट लावून डोळे झाकले, तर तिच्याकडं कोण कसं बघतंय हे तिलाच दिसणार नाही. जत्रेच्या गर्दीत कुठली शहाणी पोरगी असं करील? म्हणजे हे यंत्र चारचौघांत लावण्याचा निर्धास्तपणा आधी पुरुषाला मिळणार. ज्या दिवशी एखादी मुलगी बसस्थानकावर, मैत्रीण शेजारी नसतानाही, निर्धास्त डोळे झाकू शकेल, त्या दिवशी ते बसस्थानक खरं सभ्य झालं असं म्हणता येईल.

डबा डोळे झाकतो, तर नवे स्मार्ट चष्मे उलट दुसऱ्यांना टिपतात. रे-बॅन मेटाचे कॅमेरावाले चष्मे मे २०२५ मध्ये भारतात विक्रीला आले. चित्रीकरण चालू असताना त्यांवर छोटा दिवा लागतो, पण तो दिवा कशाचा हे किती जणांना माहीत असतं? जानेवारी २०२५ मध्ये अयोध्येच्या राममंदिरात असा चष्मा घालून आत गेलेल्या एका भाविकाला पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीनं खासगी, घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे ओटी भरणाऱ्या बाईकडं कॅमेऱ्याचा चष्मा रोखणाऱ्याला अडवायला आपल्याकडं उरते ती जुनी रीतच. विचारल्याशिवाय टिपायचं नाही, आणि बोलताना डोळ्यावरचं काढायचं.

०

म्हणून पुन्हा राणीसावरगावच्या त्या कट्ट्याकडं येऊ. त्या मुलाला "कुठलं खूळ आणलंस" म्हणून हुसकून लावावं, असं मला वाटत नाही. त्यानं ते यंत्र आणलं ते बरं केलं. गावात कितीतरी म्हाताऱ्या असतात ज्यांना गुडघ्यांमुळे आता माहूरचा गड चढवत नाही. त्यांतल्या एकीला त्यानं कट्ट्यावर शेजारी बसवावं. "मावशी, डोळे मिटू नका, मान हळू फिरवा" असं सांगत डबा तिच्या डोळ्यांवर ठेवावा, पट्टा केसांत अडकू नये म्हणून हळूच ओढावा. तिच्या पायाशी नातवंडं दाटीनं बसतील. "काय दिसतंय गं?" म्हणून विचारत राहतील. ती डोंगर दिसतो म्हणेल, झाडी दिसते म्हणेल, हात पुढं करील.

आणि थोड्याच वेळात, समोर डोंगर दिसत असतानाही, तिला शंका येईल. आपल्याभोवती माणसं आहेत ना, याची. ती विचारील, "आहेस ना रं इथं?"

त्यानं तिचा हात धरून म्हणावं, "ओ, मावशी. इथंच आहे."